छपराचा पंचनामा

गारपीट म्हटलं की आमच्या निफाडच्या घरात अजूनही क्षणभर सगळे गप्प होतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चातल्या गारांनी काढणीला आलेल्या द्राक्षांचा चिखल केला होता. त्यामुळे मागच्या एप्रिलात इथे प्लेनोत (अमेरिकेत टेक्सासमध्ये, डॅलसच्या उत्तरेला) लिंबाएवढ्या गारा वीस मिनिटं छपरावर आदळत राहिल्या, तेव्हा मला आधी बागच आठवली. रात्री बाबांना फोन केला. त्यांचा पहिला प्रश्न, "तलाठी येऊन गेला का?"

इथे तलाठी नाही, ॲडजस्टर येतो. विमा कंपनीचा माणूस. पण त्याच्याही आधी, दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला, दारात रूफर, म्हणजे छप्पर बसवणारा, हजर. दुपारपर्यंत चौघे येऊन गेले. चौथा तर म्हणाला, "मॅडम, छप्पर फुकटात होईल, डिडक्टिबलचं आम्ही बघून घेतो." डिडक्टिबल म्हणजे नुकसानीतला आपल्या खिशातून द्यायचा वाटा. तो रूफरने माफ करणं टेक्सासात सप्टेंबर २०१९ पासून गुन्हा आहे आणि तो भरल्याचा पुरावा विमा कंपनी मागू शकते. शिवाय टेक्सास राज्य रूफरला परवाना वगैरे देत नाही. शिडी आणि पिकअप असला की झाला रूफर. आम्ही शेजारच्या तेलुगू काकांनी सुचवलेला, याच गावात पंधरा वर्षं काम करणारा माणूस धरला.

ॲडजस्टर आला तेव्हा मी खालून बघत होते. छपराच्या प्रत्येक उतारावर त्याने खडूने दहा बाय दहा फुटांचा चौकोन आखला आणि आतले मार मोजले. डांबरी शिंगलवरची (इथे कौलांऐवजी छपरावर ठोकतात त्या पट्ट्यांवरची) खडी निघून काळा डाग दिसतोय का, बोटाने दाबल्यावर मऊ लागतंय का. पत्र्याच्या व्हेंटवरचे पोचे, छपराच्या पन्हळीत साठलेली खडी, सगळ्याचे फोटो. पंचनामाच तो! आजोळी कौल फुटलं की तेवढंच बदलायचे. इथे एका उतारावर ठरावीक मार मिळाले की अख्खा उतार उखडतात.

आता हिशोब. माझी खरी फजिती इथे झाली.

घराचा विमा साडेचार लाख डॉलरचा. आमच्या डोक्यात डिडक्टिबल १ टक्का, म्हणजे ४,५००. तेवढे बाजूला ठेवलेलेही होते. कागद उघडले तर वारा आणि गारांसाठी २ टक्के! पॉलिसीच्या मागच्या नूतनीकरणात बदललं होतं. पत्र आलं होतं, मीच ते न वाचता ड्रॉवरमध्ये टाकलं होतं. आणि हे टक्के नुकसानीचे नसतात, विम्याच्या रकमेचे असतात. नुकसान कितीही होवो, पहिले ९,००० आमचे.

ॲडजस्टरचं इस्टिमेट आलं २१,४०० चं. म्हटलं, १२,४०० चा चेक येईल. आला ६,००० चा. मी रागाने फोन लावला. तिकडच्या बाईंनी शांतपणे समजावलं, जुन्या छपराचा घसारा (वयामुळे घटलेली किंमत) म्हणून ६,४०० अडकवून ठेवलेत, काम पूर्ण झाल्याचं बिल पाठवा, मग मिळतील. ही सोयही प्रत्येक पॉलिसीत नसते. काहींत छपराची फक्त घसरलेली किंमत मिळते, बाकी विसरायचं. आपल्या पॉलिसीत कुठलं आहे हे गारा पडण्याआधी बघून ठेवा, एवढं मी आता भिशीतल्या प्रत्येकीला सांगते.

बरं, तो ६,००० चा चेकसुद्धा माझ्या एकटीच्या नावावर नव्हता. कर्ज देणाऱ्या बँकेचंही नाव त्यावर. तो त्यांच्याकडे पाठवा, सही होऊन परत येईपर्यंत थांबा, यात तीन आठवडे गेले. तोवर छपरावर निळी ताडपत्री. अगदी घरच्यासारखं वाटलं!

काम मात्र एका दिवसात झालं. जुनं उखडल्यावर खालचे प्लायवूडचे तीन तक्ते कुजलेले निघाले. ती जुनी गळती, गारांशी संबंध नाही, म्हणून विम्याने हात वर केले. ६८० डॉलर आमचे. वर आम्ही हौसेने चौथ्या श्रेणीची, गारांना टिकणारी शिंगल घेतली. चाचणीत तिच्यावर वीस फुटांवरून दोन इंची पोलादी गोळा टाकतात. तिचे जास्तीचे २,६०० विमा देत नाही, पण रूफरच्या प्रमाणपत्रावर हप्त्यात वर्षाला सव्वातीनशेची सूट मिळाली. म्हणजे आठ वर्षांत वसूल, तोवर हे छप्पर टिकलं तर. अडकलेल्या ६,४०० साठी रूफर थांबायला तयार झाला, हे आमचं नशीब.

एकूण खिशातून गेले १२,२८०. बाबांना आकडे सांगितले तर म्हणाले, "अगं, एवढ्यात इकडे बागेला गारांची जाळी झाली असती." मग जरा थांबून, "हप्ता भरूनही पहिले नऊ हजार तुमचेच?"

हो, आमचेच. बँकेत आता वेगळं खातं उघडलंय, नवऱ्याने त्याला 'गारा' असं नाव दिलंय. दर महिन्याला दीडशे. सध्या त्यात १,३५० आहेत आणि एप्रिल तोंडावर आलाय.