तुम्ही विचारलंत म्हणून: ‘डॉक्टर’ आणि ‘डॉक्टरांना’

इंग्रजी शिकवताना मला हा प्रश्न सतत विचारला जातो: ‘मराठीत अ, ॲन, द यांतलं काहीच नाही. मग ते कुठे घालायचं, हे आम्हाला कळणार कसं?’

तुम्हाला ते आधीपासूनच कळतं. ‘मी डॉक्टर शोधतोय’ आणि ‘मी डॉक्टरांना शोधतोय’ ही वाक्यं मोठ्यानं म्हणून बघा. पहिल्यात कुणीही डॉक्टर चालेल. दुसऱ्यात ठरावीक डॉक्टर हवेत आणि ते कोण, हे ऐकणाऱ्यालाही ठाऊक आहे. पहिल्याचं इंग्रजी ‘अ डॉक्टर’, दुसऱ्याचं ‘द डॉक्टर’. इंग्रजी जे नामाच्या आधी सांगते, ते मराठीनं इथे प्रत्ययावर सोपवलंय. मला ही जोडी फार आवडते.

वस्तूंना मात्र आपण हा प्रत्यय सहसा लावत नाही. ‘पेन आणलं’ म्हणतो आणि कुठलं ते संदर्भावर सोडतो. इंग्रजीत नेमकं तिथेच अडतं. अशा वेळी ऐकणाऱ्याच्या जागी बसा. ‘कुठलं पेन?’ हे त्याला माहीत नसेल तर ‘अ’, माहीत असेल तर ‘द’.

‘पहिल्यांदा अ, नंतर द’ हा पाठ केलेला नियम अपुरा आहे. आम्ही एक घर बघितलं, किचन लहान होतं. इथे किचनचा उल्लेख पहिलाच, तरी ‘द किचन’. कारण घर म्हटलं की किचन आलंच.

‘ॲन’चा प्रश्न देवनागरी सोडवते. शब्द उच्चाराप्रमाणे मराठीत लिहा. ‘अवर’, ‘एमएलए’ स्वरानं सुरू होतात, म्हणून ‘ॲन’. ‘युनिव्हर्सिटी’ य-नं सुरू होतो, म्हणून ‘अ’, स्पेलिंग काहीही असो. ‘ॲडव्हाइस’ची गोष्ट निराळी. आपण ‘एक सल्ला’ देतो, पण इंग्रजीत सल्ला मोजत नाहीत, त्यामुळे त्याच्याआधी ‘ॲन’ येत नाही. असे शब्द लक्षातच ठेवावे लागतात.

एवढ्याशा ‘अ’नं काय बिघडतं, असंही विचारता. नव्या ठिकाणी राहायला गेल्यावर मी एका वडीलधाऱ्या स्नेह्यांना लिहिलं होतं, ‘आय हॅव फ्यू फ्रेंड्स हिअर.’ मला म्हणायचं होतं, इथे थोडे मित्र झालेत. त्यासाठी ‘अ फ्यू’ हवं होतं. ‘अ’ गाळल्यामुळे अर्थ झाला, इथे मला फारसं कुणी नाही. त्यांचं लगेच उत्तर आलं: एकटं वाटत असेल तर काही दिवस आमच्याकडे येऊन राहा.