निंबोळी अर्काने अळी मरत नाही म्हणणाऱ्यांसाठी

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ चा खरीप कोणी विसरलेलं नाही. कपाशीवर फवारणी करता करता विषबाधा होऊन २० च्या वर शेतकरी-शेतमजूर गेले. तेव्हापासून बाबांनी पंप पाठीवर घेतला की आई दारातच उभी राहते, ते परत येईपर्यंत तिचा जीव थाऱ्यावर नसतो. म्हणून मी निंबोळी अर्काच्या मागे लागले.

सुरुवातीला एका दुकानातून "शंभर टक्के हर्बल" लिहिलेली बाटली आणली होती, पण आझाडिरेक्टिन, म्हणजे निंबोळीतलं अळीवर काम करणारं रसायन, किती पीपीएम (दहा लाख भागांत किती भाग) ते लेबलवर कुठेच नव्हतं, आणि नीमच्या औषधात पहिले तेच बघायचं असतं. मग ठरवलं घरीच करायचं. पहिल्या वर्षी सपशेल फसलं. निंबोळ्या ओल्याच पोत्यात भरल्या, बुरशी लागून काळ्या पडल्या, तरी त्याच वापरल्या आणि वरून फवारणी भर दुपारी. दुसऱ्या दिवशी बाबा हरभऱ्यातून आले ते म्हणतच, "अळी तं फिरूनच राह्यली व, तुयं औषध काय कामाचं?"

ते मनाला लागलं. पुढच्या हंगामात चांगल्या निंबोळ्यांचा अर्क केला आणि सहा काचेच्या बरण्या घेतल्या, प्रत्येकीत हरभऱ्याचे घाटे खाणारी एकच बारीक घाटेअळी, कारण ह्या अळ्या एकत्र ठेवल्या तर एकमेकींनाच खातात. तिघींना अर्कात बुडवलेले हरभऱ्याचे शेंडे, तिघींना साध्या पाण्यातले. सकाळी साध्या पाण्यातल्या शेंड्यांच्या नुसत्या काड्या उरल्या होत्या, तळाला विष्ठाच विष्ठा. अर्कवाल्या बरणीत पानं कडेला जराशी कुरतडलेली, बस्स, आणि अळी मात्र जिवंत! चौथ्या दिवशी त्यातली एक कात टाकायला लागली आणि अर्ध्यातच थांबली, जुनी कातडी कमरेपर्यंत आणि डोक्याचं जुनं टोपण तोंडाशीच अडकलेलं. पाचव्या दिवशी काळी पडली. बाबांना बरणी हातात दिली, ते उजेडात धरून बराच वेळ बघत बसले.

मला सांगायचंय ते हेच. आझाडिरेक्टिन अळीची भूक मारतं आणि कात टाकायचं हार्मोनचं गणित बिघडवतं, त्यामुळे दुसऱ्या दिवशी शेतात जाऊन मेलेल्या अळ्या शोधू नका, नवीन खाल्लेलं पान दिसतं का ते बघा. आणि अळी बारीक असतानाच अर्क फवारा, बोटाएवढी झाल्यावर अर्काच्या भरवशावर राहू नका. केंब्रिजच्या स्टीव्हन ले यांच्या टीमला हे रसायन प्रयोगशाळेत बनवायला २२ वर्षं लागली, २००७ मध्ये जमलं, इतकी त्याची रचना किचकट आहे, आणि आपल्याकडे ते जून-जुलैत झाडाखाली तुडवलं जातं याचं फार वाईट वाटतं.

आता आमची पद्धत. पिकलेल्या निंबोळ्या वेचायच्या, पाण्यात चोळून गर काढायचा, बिया सावलीत खडखडीत वाळवून गोणपाटात ठेवायच्या. हरभरा फुलावर येईस्तोवर त्या पाचेक महिन्यांच्या होतात, तेव्हा जोर चांगला असतो, वर्ष उलटलेल्या नको. टरफल काढून ५ किलो भरड रात्रभर १० लिटर पाण्यात भिजवायची, सकाळी फडक्यातून पिळायची, पाणी दुधासारखं पांढरं आणि वास असा की दोन दिवस हाताचा जात नाही. दोनदा गाळा, नाहीतर नोझल चोक होतं आणि अर्धा वेळ पिन घालण्यात जातो. २०० ग्रॅम साबण १ लिटर पाण्यात विरघळवून त्यात टाकायचा, त्याने अर्क पानाला धरतो. मग पाणी घालून एकूण १०० लिटर, हाच ५ टक्के अर्क. त्याच दिवशी वापरायचा आणि ऊन उतरल्यावरच मारायचा, उन्हात आझाडिरेक्टिन लवकर निकामी होतं.

एकट्या अर्कावर सगळं भागत नाही. आम्ही कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारे) लावतो, पक्षी बसायला काड्या रोवतो, अळी वाढलीच तर एचएनपीव्ही (घाटेअळीला रोग पाडणारा विषाणू) फवारतो. आणि कपाशीतली गुलाबी बोंडअळी एकदा बोंडात शिरली की तिथपर्यंत हा अर्क पोचत नाही, तिच्यासाठी याच्यावर विसंबू नका.

यंदा निंबोळ्या पडायच्या आधीच बाबांनी झाडाखाली झाडून जुन्या साड्या अंथरल्यात, आणि गल्लीतल्या पोरांना सांगून ठेवलंय, "मातीतल्या नका आणू बे, साडीवरच्याच वेचा."