डिबेटमधली तिसरी खुर्ची

आज अमेरिकन काँग्रेसच्या एका जागेच्या टीव्ही डिबेटवरचा कोर्टाचा निकाल पुन्हा वाचला. १९९२, आर्कान्सा राज्य, तिसरा मतदारसंघ. सरकारी शैक्षणिक वाहिनीने रिपब्लिकन आणि डेमोक्रॅट उमेदवारांना बोलावलं. २,००० सह्यांच्या अटीवर मतपत्रिकेत आलेले अपक्ष राल्फ फोर्ब्स मात्र बाहेर. कार्यक्रम तासाचा, पण प्रश्नोत्तरांना साधारण ५३ मिनिटंच. दोघांत वाटली तर पत्रकारांचे प्रश्न धरून एकेकाला सव्वीस-सत्तावीस, तिघांत जेमतेम सतरा-अठरा. वाहिनीची ही अडचण खरीच आहे.

सुप्रीम कोर्टाने १९९८ मध्ये ६-३ ने वाहिनीला कौल दिला: वगळलं ते विचारांमुळे नाही, जनाधार नव्हता म्हणून. मला पटतं ते न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांचं अल्पमत, म्हणजे बहुमताविरुद्धचं मत. फोर्ब्स यांचे विचार मला अजिबात मान्य नाहीत, पण १९९० च्या रिपब्लिकन प्राथमिक फेरीत (पक्षाचा उमेदवार ठरवणारं मतदान), लेफ्टनंट गव्हर्नर म्हणजे राज्याच्या उपगव्हर्नरपदासाठी, याच मतदारसंघातल्या १६ पैकी १५ काउंटींत (जिल्ह्यांत) त्यांना निम्म्याहून जास्त मतं होती! मग जनाधार मोजला कशावर? निमंत्रणं जाण्याआधीच निकष लेखी हवेत: कोणती जनमत चाचणी, किती टक्के, कोणत्या तारखेपर्यंत. आणि ते सगळ्या उमेदवारांना एकाच दिवशी कळवायला हवेत.