गोदाकाठी जाताय? आधी चिखल बघा

नाथसागर असो की गोदावरीचा घाट, पाण्यात उतरण्याआधी काठचा चिखल नीट बघा. पंजांच्या दोन ओळी आणि मधोमध शेपटीची जाड रेघ दिसली, तर तिथून मगर ये-जा करते असं धरून चाला. घोरपडीचा मागही तसाच, पण बराच बारीक. शंका आली तरी मागे फिरा. फलक नाही म्हणून मगर नाही असं नसतं, पुरात मगरी जागा बदलतात.

काठापासून निदान ५ मीटर लांब राहा. वाकून हातपाय धुणं, कपडे धुणं, कुत्र्याला पाणी पाजणं, धोका याच वेळी जास्त. गढूळ पाण्यात फक्त नाकपुड्या आणि डोळेच वर असतात, ते ओंडक्यासारखे वाटतात. मासळीची घाण, उरलेलं मटण पाण्यात टाकू नका. त्यानं मगरीला माणसाजवळ यायची सवय लागते, आणि हे फार वाईट.

फेब्रुवारी ते एप्रिल मादी काठच्या वाळूत अंडी घालून राखण करते. फुस्स आवाज आला की लगेच मागे सरा. उन्हात आ वासून पडलेली मगर सुस्त वाटते, पण ती झटक्यात धावते. सेल्फीचा मोह नकोच.

दगड मारू नका, वनविभागाच्या १९२६ वर फोन करा.