गाडीच्या आधी सॉकेट

प्लग-इन हायब्रिड एसयूव्ही (पेट्रोल इंजिन आणि घरी चार्ज होणारी बॅटरी, दोन्हींवर चालणारी) घ्यायची असं घरात ठरलं तेव्हा नवरा ब्रोशरं घेऊन बसला आणि मी इलेक्ट्रिशियनला फोन लावला. या गाडीचं सगळं गणित रोज रात्री चार्जिंग होणार की नाही, यावर उभं आहे. युरोपियन कमिशनने 2024 मध्ये रस्त्यावरच्या गाड्यांचे आकडे जाहीर केले. त्यात प्लग-इन हायब्रिडचं प्रत्यक्ष कार्बन उत्सर्जन चाचणीतल्या आकड्यांच्या साडेतीन पट निघालं. मुख्य कारण हेच, की लोक गृहीत धरलं होतं तितकं चार्जिंग करत नाहीत. चार्ज न करता चालवली तर ती नुसतं बॅटरीचं ओझं वाहणारी पेट्रोल गाडी. पार्किंगमध्ये स्वतःचा पॉइंट मिळत नसेल तर साधी हायब्रिड (जी बाहेरून चार्ज करावी लागत नाही) घ्या, असंच मी सांगेन.

आम्हाला स्वतंत्र लाइन आणि नीट अर्थिंग मिळालं, मग गाड्या बघायला सुरुवात केली.

बीएमडब्ल्यू एक्स५ ची ५०ई मनापासून आवडली. तिची मोटर गिअरबॉक्सच्या आतच असते, त्यामुळे नुसत्या विजेवरही चारही चाकांना जोर मिळतो. पण वजन अडीच टनांच्या घरात, आणि आमच्या रोजच्या फेऱ्या ऑफिस आणि आईची फिजिओथेरपी एवढ्याच. मर्सिडीज जीएलसीची बॅटरी 31.2 किलोवॉट-तासांची, कागदावर नुसत्या विजेवरची रेंज शंभर किलोमीटरच्या वर. रोज लांब जाणाऱ्याने तीच घ्यावी. आम्ही मात्र न लागणारी रेंज रोज ओढत फिरलो असतो.

शेवटी व्होल्वो एक्ससी६० टी८ घेतली. 18.8 किलोवॉट-तासांची बॅटरी, साध्या सॉकेटवरही रात्रभरात भरते. इंजिन पुढची चाकं फिरवतं, मोटर मागची. मध्ये प्रॉपेलर शाफ्टच (पुढून मागच्या चाकांना जोर नेणारा दांडा) नाही, म्हणून बॅटरी त्याच्यासाठीच्या, गाडीच्या मधोमधच्या उंचवट्यात म्हणजे बोगद्यात बसवली आहे आणि डिकी फारशी कमी झालेली नाही. आईची घडीची व्हीलचेअर मी शोरूममध्ये सोबत नेली होती आणि प्रत्येक गाडीच्या डिकीत घालून, झाकण लावून पाहिली. डिकीच्या लिटरच्या आकड्यावरून हे कळत नाही. मागे मधल्या सीटवर बसणाऱ्याला तो बोगदा दोन पायांच्या मध्ये घ्यावा लागतो. पाच जण नेहमी फिरणार असतील तर आधी तिथे बसून बघा.

टेस्ट ड्राइव्ह दोनदा मागा: एक बॅटरी भरलेली असताना, एक संपलेली असताना. एका शोरूमने (नाव घेत नाही) रिकाम्या बॅटरीवर गाडी द्यायला चक्क नकार दिला. मला तर नेमकं तेच बघायचं होतं. चढावर मोटरची साथ कमी झाली की चार सिलिंडरच्या इंजिनचा आवाज केबिनमध्ये येतो, आणि लांबच्या प्रवासात तुम्ही बराच वेळ त्याच गाडीत असता.

पेट्रोल भरतानाही थोडं थांबावं लागतं. इंजिन फार चालत नसल्याने वाफ साठून राहते, म्हणून टाकी सीलबंद असते. बटण दाबायचं, दाब उतरू द्यायचा, मग झाकण उघडतं. पंपावरच्या माणसाला आधीच सांगून ठेवा, नाहीतर तो झाकण ओढत बसतो.