आमची वाटचाल : पऱ्हाटीचा कोळसा आणि वजनकाटा

आमचं मूळ काम फॅब्रिकेशनचं. यवतमाळजवळ शेड आहे; ट्रॉल्या, गेट, वखराच्या पासा, येईल ते करतो. चार वर्षांपूर्वी कृषी पदवीधर भाच्यानं कागदावर एक शंकू काढून आणला. "मामा, तीन एमएमच्या पत्र्यात असा बनवून द्या." ही कोळसा करायची कोन-टिकी भट्टी, 2014 साली स्वित्झर्लंडमध्ये घडवलेली.

पऱ्हाटीनं, म्हणजे कपाशीच्या झाडानं, वाढताना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढलेला असतो. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पेटवली की तो परत हवेत जातो. या भट्टीत वरच्या ज्वाळाच सगळी हवा खाऊन टाकतात, त्यामुळे खालच्या थराची राख होत नाही, कोळसा होतो. साधारण निम्मा कार्बन त्यात उरतो आणि मातीत गेला की त्यातला बराचसा शेकडो वर्षं टिकतो. काड्यांवर पांढरी राख चढली की पुढचा थर टाकायचा, एवढीच कला. पऱ्हाटी मिळण्याची अडचण कधी आली नाही. गुलाबी बोंडअळीपायी वावर लवकर मोकळं करायचंच असतं, शेतकरी फुकट देतात.

फजिती झाली ती वजनात. भट्टी पाण्यानं विझवायची, पोती भरायची, काट्यावर ठेवायची, वहीत लिहायचं. असा मातीत अडवलेला कार्बन वजनावर मोजून 'कार्बन क्रेडिट' म्हणून विकला जातो. ते क्रेडिट घेणाऱ्यांचा माणूस आला, त्यानं मूठभर कोळसा पिळला. पाणी गळालं. "हे पाणी पण हवेतून काढलं का?" चाळीस किलोचं पोतं वाळवलं, सतरा भरलं. किलोभर शुद्ध कार्बन म्हणजे 3.67 किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे आमची चूकही तेवढ्याच पटीनं फुगलेली! अख्खा हंगाम वहीतून खोडला. आता प्रत्येक भट्टीचा नमुना ओव्हनमध्ये वाळतो, मग प्रयोगशाळेत जातो. हायड्रोजन-कार्बनच्या अणूंचं प्रमाण 0.7च्या खाली लागतं. वर गेलं तर कोळसा कच्चा, तेवढा टिकत नाही.

दुसरी चूक मातीतली. कोरा कोळसा टाकला, तर रोपं पिवळी पडली. नत्र कोळशानंच धरून ठेवला. शिवाय आमची काळी माती आधीच विम्ल (अल्कधर्मी), कोळसाही तसाच. आता शेणाच्या स्लरीत मुरवूनच देतो. उत्पन्न वाढतं, असं मी कुणाला सांगत नाही.

क्रेडिटचा पैसा उशिरा येतो. शेडचं भाडं अजून गेटांवरच निघतं. यंदा संक्रांतीनंतर सहा भट्ट्या लागणार आहेत. त्यातल्या दोन भट्ट्यांचं वेल्डिंग बाकी आहे.