समुद्रावर रिकामा चॅनल शोधताना

जहाजावर स्पेक्ट्रम सेन्सिंगची, म्हणजे कोणता रेडिओ चॅनल वापरात आहे आणि कोणता रिकामा हे ऐकून ओळखण्याची, चाचणी घेताना डिटेक्टर (सिग्नल आहे की नाही हे सांगणारा भाग) बनवणं त्या मानाने सोपं गेलं. त्याने दिलेलं उत्तर बरोबर की चूक हे ठरवायचं कसं, इथे गाडी अडली. प्रयोगशाळेत सिग्नल जनरेटर आपल्याच हाती असतो. भर समुद्रात कोण कधी प्रक्षेपण करतंय हे कोण सांगणार?

मी एआयएसचा, म्हणजे जहाजांच्या स्वयंचलित ओळख यंत्रणेचा, आधार घेतला. १६१.९७५ आणि १६२.०२५ मेगाहर्ट्झवर जहाजं आपलं स्थान कळवत असतात, त्यामुळे संदेश वाचता आला की प्रक्षेपकाचं अंतरही कळतं. पण वाचता आलेला संदेश मुळात ताकदवानच. मला परीक्षा हवी होती त्याहून क्षीण सिग्नलची. प्रत्येक चॅनलवर मिनिटाला २२५० स्लॉट (संदेशासाठीचे ठरावीक छोटे कालखंड) असतात, आणि क्लास ए (मुख्यतः मोठ्या जहाजांवरचा एआयएसचा प्रकार) असलेलं जहाज घेतलेला स्लॉट पुढची काही मिनिटं धरून ठेवतं; किती मिनिटं, तेही संदेशातच सांगतं. म्हणजे पुढचा संदेश वाचता आला नाही, तरी तो कुठे असायला हवा हे ठाऊक! सगळी चाचणी या एका सोयीवर उभी राहिली.

मग नॉइजने, म्हणजे सिग्नल झाकणाऱ्या नकोशा गोंगाटाने, छळलं. २५ किलोहर्ट्झ रुंदीत औष्णिक (उष्णतेमुळे आपोआप होणारा) नॉइज सुमारे उणे १३० डीबीएम (एक मिलिवॉटच्या तुलनेत डेसिबलमध्ये मोजलेली शक्ती), हा झाला कागदावरचा हिशोब. जहाजावर एलईडी दिवे आणि पॉवर कन्व्हर्टर त्यात आपली भर घालतात, तीही कधी कमी, कधी जास्त. एनर्जी डिटेक्टरला फक्त ऊर्जा कळते. नॉइजचा अंदाजच डळमळीत असेल, तर एका पातळीखालचा सिग्नल कितीही वेळ ऐकला तरी पकडता येत नाही. म्हणून स्थिर थ्रेशोल्ड (ज्याच्या वर गेलं की सिग्नल आहे असं धरायचं ती पातळी) सोडून मागच्या मिनिटातल्या स्लॉटांमधल्या ऊर्जेच्या मध्यकावरून तो ठरवू लागलो. खोल समुद्रात हे छान चाललं, कारण बहुतेक स्लॉट रिकामे. गजबजलेल्या बंदराजवळ मात्र मध्यकातच सिग्नल शिरतो, तिथे खालचा चतुर्थक (ज्याखाली पाव स्लॉट येतात ती पातळी) घ्यावा लागला.

१५६.८ आणि १५६.५२५ मेगाहर्ट्झ, म्हणजे चॅनल १६ आणि ७०, तपासायच्या चॅनलच्या यादीतून आधीच काढले होते. संकटाच्या हाकेसाठी राखलेले चॅनल शांत असले तरी मोकळे धरायचे नसतात.

अंतराचा फटकाही मोठा. दूरवर थेट लहर आणि पाण्यावरून परावर्तित झालेली लहर एकमेकींना मारतात. अंतर दुप्पट झालं की सिग्नल मोकळ्या जागेतल्यासारखा ६ नव्हे, जवळपास १२ डेसिबलने उतरतो. दुसऱ्या जहाजाचे निकाल जोडून ‘कुणा एकालाही दिसला तर चॅनल व्यस्त’ असा नियम लावला. निसटणारे सिग्नल कमी झाले, खोटे इशारे वाढले. प्राथमिक वापरकर्त्याला (चॅनलवर पहिला हक्क असलेल्याला) त्रास होण्यापेक्षा ते परवडले, म्हणून नियम तसाच ठेवलाय.